कडक कॉलेजची पारख

नीटचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या घराघरांत पसंतीक्रमाचा अर्ज भरायला मंडळी बसतात. कॉलेजांची नावे वरखाली होतात, गेल्या वर्षीचे कट-ऑफ पाहिले जातात आणि एखाद्या नावापाशी बोट थांबते. फी परवडणारी, रुग्णालय मोठे, गाडीने एका रात्रीत पोचता येते. तेवढ्यात कुणीतरी म्हणते, "तिथे फार कडक आहे बरं का." एका घरात या वाक्यामुळे ते नाव खाली सरकते, तर शेजारच्या घरात याच वाक्यामुळे वर चढते, कारण तिथे मुलीला पाठवायचे असते. कडक आहे ते कुणावर आणि कुणाच्या भल्यासाठी, हे मात्र दोन्ही घरांत कुणी विचारत नाही.

ते विचारायला हवे. वैद्यकीय कॉलेजची शिस्त दोन जागी तपासावी लागते. एक, नियम करणारे स्वतः तो पाळतात का. दुसरी, त्या नियमाचे फळ रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचते का. या दोन्ही जागी जी शिस्त खरी उतरते तिच्यासाठी मुलांनी थोडा त्रास सोसावा, आईवडिलांनी सोसू द्यावा. जी उतरत नाही तिला शिस्त म्हणणे आपण बंद करावे. एवढेच माझे म्हणणे आहे, पण त्याच्या आड आपल्याच बऱ्याच सवयी येतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी पैशाचे बोलू. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची इंटर्नशिप. सरकारी कॉलेजात वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या आसपास असते. खाजगीत आकडा आठ-दहा लाखांपासून पुढे जातो, अभिमत विद्यापीठांत वीस लाखांच्या वर. १९८३-८४ च्या सुमारास वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांना दार उघडले. शिक्षण गावोगाव पोचले हे खरे, पण त्याच दारातून डोनेशनही आत आले. १९८७ मध्ये कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा करावा लागला. तरीही शेत विकून, घर गहाण टाकून मुलाला डॉक्टर करण्याची रीत थांबली नाही. समाजाने त्या बापाचे कौतुकच केले.

या कौतुकाची किंमत रुग्ण भरतो. डोक्यावर मोठे कर्ज घेऊन दवाखान्याची पाटी लावणारा तरुण वाईट नसतो, पण हप्त्याची तारीख त्याला गाठत असते. तपासणीची चिठ्ठी कुठल्या लॅबकडे जावी, रुग्ण कुठल्या मोठ्या दवाखान्यात पाठवावा, याचे हिशेब तिथून सुरू होतात. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्याच्या या प्रकाराविरुद्ध, म्हणजे कट प्रॅक्टिसविरुद्ध, महाराष्ट्रात २०१७ मध्ये कायद्याचा मसुदा तयार झाला होता. कायदा काही झाला नाही. कायदा नसताना त्या तरुणाला सरळ उभे राहू देणारी एक गोष्ट उरते: शिकताना त्याच्यावर कर्ज झालेले नसणे. म्हणून कमी फी ही केवळ घरखर्चाची सोय नव्हे. पुढची तीस-चाळीस वर्षे तो डॉक्टर ज्यांना हात लावणार आहे, त्या सगळ्यांच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. फी कमी म्हणजे कॉलेज हलक्या दर्जाचे, असे लग्नकार्यात सहज बोलून जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कमी फी आणि कडक शिस्त यांची गाठ जिथे उघडपणे बांधली गेली, असे एक कॉलेज आपल्याच राज्यात आहे. वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर, सेवाग्रामला. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला गेले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. पुढे ते सेवाग्राम झाले. आश्रमात गांधीजींची प्रकृती पाहणाऱ्या डॉ. सुशीला नय्यर गावकऱ्यांनाही तपासत. कस्तुरबा १९४४ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत असताना वारल्या, आणि त्यांच्या नावाने स्त्रिया व मुलांसाठी एक छोटे रुग्णालय सेवाग्रामला उभे राहिले. सुशीलाताई पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याच रुग्णालयाच्या आधाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. खेड्यात काढलेले हे देशातले पहिले वैद्यकीय कॉलेज. खर्चाचा अर्धा वाटा केंद्र सरकारचा, पाव राज्याचा आणि पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा, अशी त्याची घडी बसवली गेली.

इथले नियम ऐकले की पसंतीक्रम भरणाऱ्या घरात क्षणभर शांतता पसरते. खादी वापरायची. शाकाहार. दारू, सिगारेट, तंबाखू वर्ज्य. श्रमदान करायचे. सर्वधर्म प्रार्थनेला बसायचे. नव्या मुलांनी आधी काही दिवस आश्रमात शिबिराला राहायचे, मग प्रत्येक बॅचने एक गाव दत्तक घ्यायचे, गावात मुक्काम करायचा आणि वाट्याला आलेल्या कुटुंबांच्या आरोग्याकडे पुढची वर्षे लक्ष ठेवायचे. नीट येण्यापूर्वी संस्थेची स्वतःची प्रवेशपरीक्षा होती आणि तीत गांधीविचारांचा वेगळा पेपर असे. इथेच पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तर आधी दोन वर्षे ग्रामीण भागात काम करण्याची अट अनेक वर्षे होती.

यातले सगळे नियम मला पटतात असे नाही. सज्ञान माणसाने काय खावे हे कॉलेजने ठरवू नये असे माझे मत आहे. ज्या घरात मांसमच्छी हे रोजचे अन्न आहे, त्या घरातल्या मुलाला शाकाहाराच्या सक्तीतून आपले खाणे कमी प्रतीचे असल्याची भावना होऊ शकते, आणि आपल्या समाजात ती भावना जातीपर्यंत जाऊन पोचते. संस्था आपल्या नियमांची पुन्हा पुन्हा तपासणी करत राहो. पण ही शिस्त मी वर सांगितलेल्या कसोटीवर लावली की तिचे वेगळेपण कळते. खादी विद्यार्थ्याला आहे तशी प्राध्यापकालाही आहे. शिक्षक पूर्णवेळ काम करतात आणि त्यांना खाजगी प्रॅक्टिस करता येत नाही. ते आवारातच राहतात. सकाळी ओपीडीत दिसलेले सर दुपारी दोननंतर शहरातल्या आपल्या दवाखान्यात गेले, असे तिथे घडत नाही. शिक्षकावरचा हा एक नियम मला विद्यार्थ्यांवरच्या दहा नियमांपेक्षा मोलाचा वाटतो.

आणि रुग्णाच्या खाटेपाशी काय पोचते? डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांत ज्वारीची आरोग्य विमा योजना उभी केली. शेतकऱ्याने सुगीच्या वेळी ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, मजुराने आपल्या परीने द्यायची आणि त्या बदल्यात रुग्णालयात उपचाराची हमी मिळायची. गावातल्या बहुसंख्य घरांनी सामील व्हायचे, म्हणजे जो धडधाकट आहे त्याचा आधार आजाऱ्याला मिळतो. विम्याचे तत्त्व याहून सोपे करून कुणी शिकवले असेल असे मला वाटत नाही. पुढे डॉ. एस. पी. कलंत्री यांच्या पुढाकाराने त्या रुग्णालयात मूळ नावाची स्वस्त औषधे देण्याचा प्रयत्न झाला. अशा ठिकाणी शिकणारा मुलगा औषध लिहिताना किंमत विचारायला शिकतो. हे पाठ्यपुस्तकात नसते. आज राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने देशभरच्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घ्यायला लावली आहेत. सेवाग्रामची मुले हे काम कितीतरी आधीपासून करत आली आहेत.

एवढे असूनही आपल्याकडच्या सुशिक्षित घरांत सेवाग्रामविषयी काय बोलले जाते ते मी ऐकले आहे. 'खादी घालून फिरायचे म्हणजे...', 'गावात राहून काय मेडिसिन शिकणार', 'मुलाची मजा नाही हो'. शेत विकण्याची तयारी असलेल्या बापाला मुलाने आठवड्यातून एकदा हातात झाडू घ्यावा हे सहन होत नाही. सफाई हे खालच्यांचे काम, ही समजूत आपल्या अंगात फार खोलवर रुजली आहे. वैद्यकीत ती जीवघेणी ठरते. वॉर्डातली मावशी सुट्टीवर असताना घाण झालेल्या चादरीवर रुग्ण तासन् तास पडून राहतो, कारण डॉक्टर होणाऱ्या मुलाला ते आपले काम वाटत नाही. तो झाडू त्याच्या हाती एकदा तरी आला असता तर त्याने चादर बदलली असती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता दुसऱ्या बाजूला येतो, कारण 'कडक' या नावाखाली आपल्याकडे जे खपवले जाते त्यातले बरेचसे निव्वळ क्रौर्य आहे.

निवासी डॉक्टरने सलग छत्तीस तास काम केले की लोक म्हणतात, आमच्या वेळीही असेच होते, यातूनच माणूस घडतो. केंद्र सरकारच्या निवासी योजनेत १९९२ सालीच सांगितले गेले होते की सलग कामाचे तास साधारणपणे बारापेक्षा अधिक नसावेत आणि आठवड्याला सुट्टी मिळावी. तेव्हापासून तीन दशके उलटली. निवासी डॉक्टरांची संघटना असलेल्या मार्डच्या संपांच्या मागण्या पाहा. कामाचे तास, हॉस्टेलची खोली, वेळेवर विद्यावेतन, सुरक्षा, हेच पुन्हा पुन्हा. एका युनिटमध्ये जेवढी माणसे हवीत तेवढी नेमली जात नाहीत आणि कमी पडणारी माणसे एकाच माणसाच्या झोपेतून भरून काढली जातात. याला शिस्त म्हणायचे, तर ती पदे न भरणाऱ्यांना आधी लावा. छत्तीस तास जागा असलेला डॉक्टर रात्री तीन वाजता औषधाचा डोस लिहितो, तेव्हा कडकपणाचा फायदा कुणाला होतो? निदान त्या रुग्णाला तरी नाही.

रॅगिंगचेही तसेच. महाराष्ट्राने रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ मध्येच केला. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय कॉलेजात अमन काचरू हा विद्यार्थी वरच्या वर्गातल्या मुलांच्या मारहाणीत मेला, तेव्हा सारा देश हादरला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने कडक नियम केले. नियम झाले, पण समजूत राहिली. सीनिअरसमोर मान खाली, सीनिअरची जर्नल लिहून द्यायची, चहा आणायचा, याला आजही 'शिकवण' म्हटले जाते. पदव्युत्तर वर्गात हे अधिक घट्ट बसते, कारण तिथे सीनिअरच्या हातात ड्युटीचा तक्ता असतो आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी कुणाला उभे राहू द्यायचे हेही तोच ठरवतो.

मुंबईत २०१९ च्या मे महिन्यात डॉ. पायल तडवी या जळगाव जिल्ह्यातल्या आदिवासी मुलीने जीवन संपवले. ती स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. आरोपांचा निर्णय न्यायालयाने करायचा आहे, मी करणार नाही. पण तिच्या मृत्यूनंतर जे संभाषण घराघरांत झाले त्याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे. 'हल्लीची मुले नाजूक', 'मेडिकलला एवढे सोसावेच लागते', असे बोलणारे पुष्कळ होते. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात 'नीटला किती?' असे विचारून समोरच्याची जात काढून घेणारी मुले आपल्याच घरात वाढतात. जे कॉलेज हा प्रश्न हॉस्टेलच्या जिन्यात सर्रास विचारू देते आणि हजेरीला दोन मिनिटे उशीर झाल्यावर दंड करते, त्या कॉलेजला कडक म्हणू नका. ज्या गोष्टीत कडक असायला हवे तिथे ते ढिले आहे.

मुलींच्या बाबतीत आपण सर्वांत मोठी चूक करतो. 'कडक आहे' याचा अर्थ मुलींच्या हॉस्टेलचे फाटक लवकर बंद होते, एवढाच घेतला जातो आणि बापाचा जीव भांड्यात पडतो. २०२२ च्या अखेरीस केरळात कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय कॉलेजातल्या मुली याच प्रश्नावर उठल्या. त्यांचे म्हणणे साधे होते: मुलांना मोकळीक आणि आम्हालाच कुलूप का? ग्रंथालय रात्री उघडे असते, वॉर्ड रात्री चालू असतो, तर आम्ही काय खोलीत बसायचे? प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयानेही विचारले की निर्बंध फक्त मुलींवर का. पुढे तिथल्या सरकारने मुलगे आणि मुली दोघांना सारखे नियम लावले.

माझ्या मते हा केरळचा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजला विचारला पाहिजे. बाळंतपणे रात्रीच जास्त अवघड का वाटतात, अपघात विभागात शुक्रवारी रात्री काय येते, विषबाधेचा रुग्ण पहाटे दोनला आणला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे, हे सारे रात्री वॉर्डात उभे राहून कळते. ज्या मुलीला शिकत असताना रात्री बाहेर पडू दिले नाही, तिला इंटर्न होताच रात्रपाळी लावतात. मग ती घाबरली की म्हणतात, मुलींना हे झेपत नाही. मुलगी सुरक्षित राहावी असे वाटत असेल तर कुलुपाची वेळ विचारू नका. हॉस्टेल ते वॉर्ड या रस्त्यावर दिवे आहेत का, रात्रपाळीच्या डॉक्टरांना आतून कडी लावता येईल अशी विश्रांतीची खोली आहे का, तिथे स्वच्छतागृह आहे का, रुग्णाच्या नातेवाइकांची झुंबड आवरायला रखवालदार जागेवर असतो का, हे विचारा. कोलकात्यात ऑगस्ट २०२४ मध्ये एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, तो ती ड्युटीवर असताना, रुग्णालयाच्या आवारातच. हॉस्टेलच्या फाटकाने त्यातले काहीही टळले नसते.

मग नावलौकिक ओळखायचा कसा? आपण तो ओळखतो चुलत्याच्या मेहुण्याच्या मुलाकडून, क्लासच्या फलकावरून आणि इमारतीच्या काचांवरून. त्याऐवजी एक दिवस काढा. सोमवारी सकाळी त्या रुग्णालयाच्या ओपीडीत जा आणि केस पेपरच्या रांगेत बसा. शेजारच्या माणसाला विचारा, कुठल्या गावाहून आलात, वाटेत दवाखाने असताना इथेच का आलात. दोन-चार उत्तरांत कॉलेजची खरी पत कळते. जिथे रांगच नाही, तिथे मुलगा शिकणार कुणावर? वैद्यकी ही शेवटी माणसाच्या शरीरावर शिकायची विद्या आहे. पोट हाताने चाचपल्याशिवाय यकृत वाढले आहे का ते कळत नाही. कानात स्टेथोस्कोप घालून शेकडो छात्या ऐकल्याशिवाय झडपेचा आवाज ओळखता येत नाही. मान्यतेच्या तपासणीच्या दिवशी खाटांवर माणसे आणून निजवणारी आणि प्राध्यापकांना त्याच दिवशी हजर करणारी कॉलेजे या देशात झाली आहेत. अशांची इमारत चकचकीत असते. म्हणून खाटा किती हे माहितीपत्रकात वाचण्यापेक्षा, भरलेल्या किती ते स्वतः जाऊन पाहावे.

वॉर्डातल्या मावशींशी बोला. बड्या सरांचा राऊंड रोज होतो की पाट्यांवरच नाव असते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. सिस्टरांना विचारा की इंटर्न सलाइन लावायला कुणाकडून शिकतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांना भेटा, पहिल्या वर्षाची मुले अजून भारावलेली असतात. नापास झालेल्या एखाद्या विद्यार्थ्यालाही गाठा. हे मी मुद्दाम सांगतो. कॉलेज आपल्या सुवर्णपदकवाल्याशी कसे वागते यावरून काही कळत नाही. एका विषयात राहिलेल्या मुलाला तिथे कुणी संध्याकाळी बसवून शिकवते, की सगळ्या वर्गासमोर उभे करून लाज काढते, यावरून त्या संस्थेचे मन कळते. मराठी माध्यमातून आलेली, तालुक्याच्या गावची मुले पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकांच्या ओझ्याखाली दबतात. त्यांची हुशारी कमी नसते. व्हायवात उत्तर येत असूनही वाक्य जुळत नाही. अशा मुलाला 'मराठीत सांग बाळ, मग इंग्रजीत मांडू' म्हणणारा एखादा शिक्षक असला तर तो मुलगा तरतो. त्या शिक्षकाची चौकशी करा. तो कितीही कडक असो, त्याच्या हाताखाली मूल द्या.

हजेरीची शिस्त मात्र मी मनापासून उचलून धरतो. वर्गात किमान पंचाहत्तर टक्के आणि प्रात्यक्षिके व वॉर्डात ऐंशी टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू द्यायचे नाही, असा नियम आहे. हा नियम काटेकोर पाळणाऱ्या कॉलेजविषयी मुले तक्रार करतात आणि आईबाप शिफारशीची चिठ्ठी शोधू लागतात. त्यांनी तसे करू नये. आपल्या मुलाने चुकवलेली बालरोगाची पोस्टिंग पुढे कुठल्यातरी आईला महागात पडणार आहे. फक्त त्याच कॉलेजला हेही विचारा की प्राध्यापकांची हजेरी कोण घेते.

हल्ली किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपीन्स इथल्या कॉलेजांचीही स्वस्त आणि शिस्तशीर म्हणून जाहिरात होते, आणि नगर, बीड, लातूरची मुले तिकडे जातात. त्यांनाही हीच पारख लावा. तिथल्या रुग्णाची भाषा मुलाला येणार आहे का? येत नसेल तर तो वॉर्डात कोपऱ्यात उभा राहील आणि पुस्तकातून आजार वाचेल. परदेशात शिकून आलेल्यांना इथे जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात बहुतेक वेळा तिसरा हिस्साही उत्तीर्ण होत नाही. एजंट हे सांगत नाही. तो हॉस्टेलमधल्या भारतीय जेवणाचे फोटो दाखवतो.

आता मुलांशी थोडे. कमी फीची जागा तुम्हाला मिळते तेव्हा उरलेला खर्च कुणीतरी उचललेला असतो. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर महाराष्ट्रात वर्षभर सक्तीची सेवा द्यायची असते, आणि ती टाळण्यासाठी दहा लाख रुपये भरण्याची वाट अनेक वर्षे खुली होती. पैसे भरून मोकळे होणारी घरे मी पाहिली आहेत. तेच घर पाच वर्षांपूर्वी म्हणत होते, फी परवडत नाही म्हणून सरकारी हवे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणीची फी नाही, आणि तिथल्या शिस्तीची कुणी कुरकुर करत नाही, कारण शिक्षण संपल्यावर सैन्यात सेवा करायची हे दारातच स्पष्ट असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही फी कमी ठेवून शिक्षणानंतर मिशनच्या दवाखान्यांत काही काळ काम करायची पद्धत चालत आली आहे. मेळघाटात किंवा भामरागडमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राची खुर्ची रिकामी असते, तेव्हा तिथे दहा लाख रुपये बसून रुग्ण तपासत नाहीत. तिथे तुम्ही लागता. मात्र ज्या केंद्रात तुम्हाला पाठवले जाते तिथे औषधे, राहायला खोली आणि एक अनुभवी परिचारिका असणे ही सरकारची जबाबदारी आहे. ती पार न पाडता तुमच्यावर कडक होण्याचा सरकारला नैतिक हक्क नाही. ही मागणी तुम्ही जरूर करा, संघटितपणे करा, आणि कामावर हजर राहून करा.

आईबापांनी एकट्याने किती चौकशी करायची? गडचिरोलीच्या शेतमजुराला मुलीसाठी चार शहरांच्या ओपीडीत जाऊन बसणे शक्य नाही. म्हणून काही गोष्टी कॉलेजांनी उघड कराव्यात असे बंधन हवे. गेल्या वर्षी रोज सरासरी किती रुग्ण आले, किती खाटा भरलेल्या होत्या, प्राध्यापक महिन्यातून किती दिवस हजर होते, इंटर्नना विद्यावेतन कोणत्या तारखेला मिळाले, निवासी डॉक्टर आठवड्याला किती तास कामावर होते, रॅगिंगच्या आणि जातीय छळाच्या किती तक्रारी आल्या व त्यांतल्या किती निकाली निघाल्या. हे सारे मराठीत, कॉलेजच्या फाटकावरच्या फलकावर आणि प्रवेशाच्या पुस्तिकेत, पसंतीक्रम भरण्याची मुदत सुरू होण्याच्या आत छापले जावे. वैद्यकीय शिक्षण संचालनालयाला आणि सीईटी सेलला हे अवघड नाही, यातली बरीच माहिती कॉलेजांकडून आजही मागवली जाते. ती पालकांच्या हाती द्यावी, अशी लेखी मागणी प्रत्येक जिल्ह्यातल्या पालकांनी यंदाच्या प्रवेशाआधी करावी. मी माझे पत्र पाठवतो आहे.